अनहोनी ते तत्तापानी : गरम झऱ्यांतील सूक्ष्मजीवसृष्टी

प्रस्तावना

खान (कान्ह) आणि सरस्वती या नद्यांच्या काठी वसलेली जुनी इंदूर ही इंदूर शहराची सर्वांत जुनी वस्ती होय. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागले की येथील घरांत पाणी उकळून, गाळून पिण्याची रीत पूर्वापार चालत आली आहे. शाळेच्या पुस्तकातही हेच शिकवले जाते : पाणी उकळले की त्यातील जंतू मरतात. हा धडा खरा आहे आणि त्याने असंख्य मुलांचे प्राण वाचवले आहेत.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे येथे पाणी १०० अंशांना नव्हे, तर सुमारे ९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. आता दुसरी बाजू पाहू. छत्तीसगढमधील तत्तापानी येथील गरम झऱ्याच्या पाण्याचे तापमान संशोधकांनी ९८ अंशांपर्यंत मोजले आहे. म्हणजे इंदूरच्या चुलीवर उकळणारे पाणी आणि तत्तापानीच्या जमिनीतून वर येणारे पाणी जवळपास सारखेच तापलेले असते. तरीही त्या झऱ्यात सूक्ष्मजीव आहेत. ते तेथे चुकून पडलेले नाहीत, तर तेथेच वाढतात.

एखाद्या चौकस विद्यार्थ्याने वर्गात विचारले, ‘उकळत्या पाण्यात जीव जगतात, तर मग पाणी उकळून उपयोग काय?’, तर अध्यापकाने काय उत्तर द्यावे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याचे चुकीचे उत्तर आरोग्याला घातक ठरू शकते आणि बरोबर उत्तर दिल्यास जीवशास्त्राचा एक मोठा सिद्धांत विद्यार्थ्यांच्या हाती लागतो. प्रस्तुत लेखात मध्य भारतातील गरम झऱ्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

संज्ञांचा विचार

प्रथम शब्दांकडे लक्ष देणे इष्ट ठरेल, कारण अर्धा घोटाळा शब्दांतच आहे. मराठीत ‘जंतू’ म्हटले की डोळ्यांसमोर रोग उभा राहतो. जंतुसंसर्ग, जंतुनाशक हे शब्द त्याच ओळीतले. उर्दूतील ‘जरासीम’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. ‘जरासीम-कुश’ म्हणजे जंतुनाशक. त्यामुळे ‘झऱ्यात जंतू आहेत’ असे म्हटल्यावर विद्यार्थी तो झरा दूषित समजतात. वास्तविक पृथ्वीवरील सूक्ष्मजीवांपैकी रोग करणारे फारच थोडे. म्हणून वर्गात ‘सूक्ष्मजीव’ हा तटस्थ शब्द वापरावा आणि ‘रोगजंतू’ हा शब्द रोग करणाऱ्यांपुरताच राखून ठेवावा.

जास्त तापमानात उत्तम वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांना मराठीत उष्णताप्रिय आणि उर्दूत ‘हरारत-पसंद’ म्हणता येते. ढोबळमानाने २० ते ४५ अंशांत वाढणारे ते मध्यमतापी. आपल्या शरीरातील बहुतेक सूक्ष्मजीव याच वर्गातले. साधारण ४५ ते ८० अंशांत रमणारे ते उष्णताप्रिय, आणि ८० अंशांच्या वर ज्यांची वाढ सर्वांत चांगली होते ते अतिउष्णताप्रिय. येथे ‘प्रिय’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हे जीव उष्णता सहन करत नाहीत. त्यांना ती लागतेच.

झऱ्यांची नावेही बोलकी आहेत. महाराष्ट्रातील उन्हवरे, उन्हेरे, उनपदेव, उनकेश्वर या नावांत ‘ऊन’ म्हणजे गरम हा अर्थ दिसतो. तत्तापानी म्हणजे तापलेले पाणी. अरबीत गरम झऱ्याला ‘हम्मा’ म्हणतात आणि ‘हमाम’ हा शब्द त्याच धातूपासून आलेला आहे. सातपुड्यातील झऱ्याचे नाव मात्र निराळे आहे : अनहोनी. हिंदी-उर्दूत अनहोनी म्हणजे जे घडणे शक्य नाही ते. उकळत्या पाण्यातील जीवन ही गोष्टही शास्त्रज्ञांना दीर्घकाळ अशीच वाटत होती.

मध्य भारतातील गरम झरे

भारतात सुमारे ३४० गरम झऱ्यांची नोंद आहे. हिमालयात मणिकर्ण, पुगा, कोकणात वज्रेश्वरी-अकलोलीपासून उन्हवरे, तुरळ, राजवाडीपर्यंतची मालिका, खानदेशात उनपदेव, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर. यांपैकी मध्य भारतातील बरेच झरे सोन, नर्मदा आणि तापी या नद्यांच्या लांबलचक भेगपट्ट्याशी जोडलेले आहेत. इंदूरच्या नळांना ज्या नर्मदेचे पाणी येते, ती नदी याच पट्ट्यातून वाहते.

या झऱ्यांखाली जागता ज्वालामुखी आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढते. ही वाढ सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश असते, तर काही पट्ट्यांत ती अधिक असते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोलवर झिरपते, तेथे तापते आणि दुसऱ्या भेगेतून वाट मिळताच वर येते. हा प्रवास जितका जलद, तितके पाणी कमी थंड होते. वाटेत ते खडकांतील क्षार विरघळवून घेते व त्यात निरनिराळे वायू मिसळतात. झऱ्यातील सूक्ष्मजीवांचे अन्न यातूनच येते.

अनहोनीचे झरे सातपुड्यात, पचमढीच्या परिसरात आहेत. त्यांना बडी अनहोनी आणि छोटी अनहोनी अशी नावे आहेत. तत्तापानी पूर्वीच्या सरगुजा आणि आताच्या बलरामपूर-रामानुजगंज जिल्ह्यात येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तेथे भूगर्भातील उष्णता अजमावण्यासाठी विंधनविवरे घेतली असून, त्या उष्णतेवर वीज निर्माण करण्याचा विचारही वेळोवेळी झाला आहे.

उष्णतेची उतरंड

झऱ्याच्या उगमापासून खाली वाहत गेलेला प्रवाह क्रमाक्रमाने थंड होतो. या प्रवाहाकडे एखाद्या मोजपट्टीप्रमाणे पाहता येते.

पाणी साधारण ५० अंशांच्या खाली आले की काही कीटकांच्या अळ्या आणि लहान प्राणी दिसू शकतात. त्यापुढे प्राण्यांची आणि वनस्पतींची हद्द संपते. बुरशी व एकपेशीय प्राणी सुमारे ६० अंशांपर्यंत तग धरतात. निळ्या-हिरव्या जीवाणूंचे शेवाळासारखे थर सुमारे ७३ अंशांपर्यंत आढळतात आणि त्यापुढे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जीव राहत नाहीत. म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला तापमानाची मर्यादा आहे. त्याहून गरम पाण्यात रंगीत थर दिसत नाहीत, पाणी नितळ असते आणि पाहणाऱ्याला ते निर्जीव वाटते.

निर्जीव ते नसतेच. ९० अंशांच्या पुढेही काही जीवाणू आणि मुख्यतः आर्किया नावाचे सूक्ष्मजीव राहतात. १९७७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले की, दिसायला जीवाणूंसारखे असलेले हे जीव वंशाने जीवाणूंपासून फार दूरचे आहेत. आजवर प्रयोगशाळेत सिद्ध झालेली सर्वोच्च मर्यादा १२२ अंशांची आहे. समुद्रतळाच्या उष्ण भेगांजवळ सापडलेला एक आर्किया मोठ्या दाबाखाली या तापमानात वाढला, असे जपानी संशोधकांनी २००८ मध्ये नोंदवले. खोल समुद्रात दाबामुळे पाणी १०० अंशांनंतरही द्रवच राहते. जीवनाला लागणारी पहिली अट द्रवरूप पाणी ही आहे, हे येथे ध्यानात येते.

हे जीव शिजत का नाहीत?

अंडे उकळले की त्याचा पांढरा भाग घट्ट होतो. असे होते याचे कारण प्रथिने. प्रथिन म्हणजे ठरावीक घड्या घातलेली लांब साखळी. घडी मोडली की प्रथिनाचे काम थांबते. सामान्य जीवाणूची प्रथिने ६०-७० अंशांना उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि पेशी मरते. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात ते यामुळे.

उष्णताप्रिय जीवांची प्रथिने त्याच वीस घटकांपासून, म्हणजे अमिनो आम्लांपासून बनलेली असतात. वेगळा पदार्थ वापरलेला नाही. बांधणी वेगळी आहे. घड्या अधिक घट्ट असतात, आत पोकळी कमी असते आणि धन व ऋण भार असलेले घटक एकमेकांना ठिकठिकाणी बांधून ठेवतात. या घट्टपणाची किंमतही मोजावी लागते. घरातल्या तापमानाला हे प्रथिन इतके ताठ होते की त्याला काम करण्यासाठी लागणारी हालचालच करता येत नाही. तत्तापानीतील जीव आपल्या शरीराच्या ३७ अंश तापमानात का वाढू शकत नाही, याचे एक मुख्य कारण यात आहे.

दुसरा प्रश्न पेशीच्या आवरणाचा. आपल्या पेशींचे आवरण स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचे असते. तूप तापवल्यावर पातळ होते, तसे हे आवरणही उष्णतेने सैल होते आणि गळू लागते. अतिउष्णताप्रिय आर्कियांमध्ये दोन्ही थर आरपार जाणाऱ्या एकाच लांब रेणूने जोडलेले असतात. शिवाय त्यातील रासायनिक जोड अधिक चिवट प्रकारचे असतात. दोन पदर सुटण्याचा धोकाच त्यामुळे उरत नाही.

तिसरा प्रश्न डीएनएचा. डीएनएचे दोन धागे जास्त उष्णतेत सुटे होतात. अतिउष्णताप्रिय जीवांत ‘रिव्हर्स गायरेज’ नावाचे एक विकर असते आणि ते डीएनएच्या संरक्षणाला मदत करते. पेशीतील क्षार, डीएनएला चिकटून राहणारी प्रथिने आणि बिघाड वरचेवर दुरुस्त करणारी यंत्रणा यांचाही हातभार लागतो. हे जीव उष्णतेने होणारे नुकसान टाळतात आणि झालेले नुकसान सतत दुरुस्तही करतात.

चौथा प्रश्न अन्नाचा. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. सूर्यप्रकाशाचा उपयोग करणारे जीवही ७३ अंशांपुढे नाहीत. मग ऊर्जा येते कोठून? ती खडकांतून आलेल्या हायड्रोजन, गंधक, मिथेन, लोह व नायट्रेट यांसारख्या द्रव्यांच्या रासायनिक क्रियांतून मिळते. आपण अन्न ‘जाळण्यासाठी’ प्राणवायू घेतो. यांपैकी काही जीव त्याजागी नायट्रेट किंवा गंधक वापरतात.

तीन झऱ्यांचा अभ्यास

पाठ्यपुस्तकांत गरम झऱ्यांचे उदाहरण म्हटले की अमेरिकेतील यलोस्टोनचे नाव येते. वास्तविक इंदूरच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या प्रदेशातील उदाहरण देता येते. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील विनीत शर्मा यांच्या गटाने बडी अनहोनी, छोटी अनहोनी आणि तत्तापानी या तीन झऱ्यांतील सात जागांचे नमुने तपासून २०१७ मध्ये सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध केले. नमुन्यांचे तापमान ४३.५ ते ९८ अंश होते.

या अभ्यासाची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतील बशीत वाढवता येत नाहीत. म्हणून संशोधक नमुन्यातील सर्व जीवांचा डीएनए एकत्रच काढतात आणि त्यातील अक्षरक्रम वाचतात. प्रत्येक जीवाणूत व आर्कियात आढळणारे एक विशिष्ट जनुक ओळखपत्राप्रमाणे वापरून कोण कोण हजर आहे ते समजते, आणि बाकीच्या जनुकांवरून ते काय करू शकतात याचा अंदाज बांधता येतो.

निष्कर्ष असे. अनहोनीच्या झऱ्यांत, म्हणजे ४३.५ ते ५५ अंशांच्या पाण्यात, ‘स्यूडोमोनास स्टुट्झेरी’ आणि ‘अ‍ॅसिडोव्होरॅक्स’ या जीवाणूंचे प्राबल्य आढळले. बेंझीन, टोल्यूइन, झायलीन यांसारख्या हायड्रोकार्बनांचे विघटन करणारी जनुके तेथे विपुल होती. खनिज तेलाच्या प्रदूषणात हीच द्रव्ये त्रासदायक ठरतात, म्हणून या जनुकांकडे संशोधकांचे लक्ष जाते.

छोटी अनहोनीच्या झऱ्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंत ८० टक्क्यांहून अधिक मिथेन असल्याची नोंद आहे. त्याला अनुसरून तेथे मिथेनवर जगणारा ‘मेथिलोकॉकस कॅप्सुलेटस’ हा जीवाणू मोठ्या प्रमाणात सापडला. हा जीवाणू सुमारे ४५ अंशांत उत्तम वाढतो. त्याचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला वाण इंग्लंडमधील बाथ या गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यातून मिळवलेला आहे. सातपुड्यातील एक झरा आणि इंग्लंडमधील रोमनकालीन स्नानगृहे यांत हजारो किलोमीटरचे अंतर; पण उष्णता सारखी आणि अन्न मिळते, म्हणून रहिवासीही तोच. हवेत सुटणाऱ्या मिथेनचा काही भाग असे जीवाणू वाटेतच संपवतात, हेही नोंद घेण्याजोगे आहे.

तत्तापानीचे चित्र वेगळे होते. तेथील नमुने ६१.५ ते ९८ अंशांचे होते. जीवांचे प्रकार कमी आढळले आणि ‘पायरोबॅक्युलम एरोफिलम’ या एकाच आर्कियाचे वर्चस्व होते. हा जीव प्रथम इटलीतील इस्किया बेटाच्या उष्ण किनाऱ्यावर सापडला आणि १९९३ मध्ये त्याचे वर्णन झाले. त्याची वाढ १०० अंशांच्या आसपास सर्वांत चांगली होते, आणि तो प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरू शकतो. उष्णता वाढत गेली की रहिवाशांचे प्रकार कमी होत जातात, आणि जे उरतात ते त्या परिस्थितीचे पक्के असतात, हा सर्वसाधारण नियम तत्तापानीत स्पष्ट दिसतो.

येथे एक सावधगिरी अध्यापकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. डीएनए सापडला म्हणजे तो जीव तेथे त्या क्षणी जिवंत होता, असे सिद्ध होत नाही. मेलेल्या पेशींचा किंवा बाजूच्या मातीतून वाहून आलेल्या पेशींचा डीएनएही नमुन्यात येऊ शकतो. जनुक आढळणे आणि ते काम करत असणे यातही फरक आहे. पायरोबॅक्युलमबाबत शंका कमी राहते, कारण प्रयोगशाळेत तो याच तापमानात वाढलेला आहे. इतर जीवांबाबत पुढील प्रयोगांची गरज उरते.

महाराष्ट्रातही अशा अभ्यासाला सुरुवात झाली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी उनकेश्वरच्या झऱ्यातील जीवाणूंचा याच पद्धतीने अभ्यास करून २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारा हा झरा असल्याने तो विशेष लक्षणीय आहे.

एका झऱ्याचे ऋण

अशा अभ्यासाचा उपयोग काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर एका प्रसिद्ध उदाहरणातून मिळते.

१९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक हे अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यलोस्टोनमधील झऱ्यांचा अभ्यास करत होते. त्यांना कोणतेही औषध अथवा यंत्र शोधायचे नव्हते. जीवन कोठपर्यंत टिकते एवढाच त्यांचा प्रश्न होता. १९६६ मध्ये त्यांचा पदवीचा विद्यार्थी हडसन फ्रीझ याने मशरूम स्प्रिंग या झऱ्याच्या नमुन्यातून एक जीवाणू वाढवला. तो ७० अंशांत उत्तम वाढत होता. १९६९ मध्ये दोघांनी त्याला ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ हे नाव दिले आणि त्याचा वाण एका सार्वजनिक संग्रहात जमा केला.

१९७६ मध्ये अ‍ॅलिस चिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जीवाणूतून डीएनएची नक्कल करणारे विकर वेगळे केले. पुढे १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पीसीआर ही पद्धत सुचली. या पद्धतीत प्रत्येक फेरीला नमुना सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवून डीएनएचे धागे सुटे करावे लागतात. नेहमीचे विकर त्या उष्णतेत निकामी होई आणि दर फेरीला ते नव्याने घालावे लागे. थर्मस अ‍ॅक्वाटिकसचे विकर, म्हणजे ‘टाक पॉलिमरेज’, टिकून राहिले आणि काम यंत्राकडे सोपवता आले. एका रेणूपासून तीस फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक प्रती तयार होतात. मुलिस यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

२०२० मध्ये इंदूरसह सर्व जगात कोरोनाच्या ज्या आरटी-पीसीआर चाचण्या झाल्या, त्यांचा पाया हीच पद्धत होती. नाकातून घेतलेल्या नमुन्याचा निकाल काही तासांत मिळू शकला, यामागे एका गरम झऱ्यातील जीवाणूचे ऋण आहे. आणि तो जीवाणू शोधण्यात एका पदवीच्या विद्यार्थ्याचा हात होता, ही गोष्ट महाविद्यालयीन अध्यापकांनी वर्गात मुद्दाम सांगावी अशी आहे.

वर्गातील तीन गैरसमज

पहिला गैरसमज : उकळत्या पाण्यात जीव जगतात, म्हणून पाणी उकळणे व्यर्थ आहे. उत्तर असे की, कॉलरा, विषमज्वर, हगवण यांचे जंतू आपल्या शरीराच्या तापमानाला सरावलेले आहेत आणि उकळण्याने ते मरतात. कावीळ पसरवणारे, पाण्यातून येणारे विषाणूही निष्प्रभ होतात. उलट उष्णताप्रिय जीव आपल्या शरीरात थंडीने गारठल्यासारखे निष्क्रिय राहतात आणि रोग करू शकत नाहीत. म्हणून पाणी खळखळून उकळण्याचा नियम पूर्णपणे योग्य आहे.

दुसरा गैरसमज : बीजाणू आणि उष्णताप्रिय जीव एकच आहेत. काही जीवाणू प्रतिकूल काळात जाड कवचाचे बीजाणू बनवतात. ते उकळत्या पाण्यात जिवंत राहतात, पण तेथे वाढत नाहीत; ते झोपलेले असतात. डबाबंद अन्नात विष निर्माण करणाऱ्या जीवाणूंचे बीजाणू या प्रकारचे आहेत. म्हणून रुग्णालयातील उपकरणे केवळ उकळून भागत नाही. ती दाबाखाली १२१ अंशांच्या वाफेत ठेवतात. तत्तापानीतील आर्किया मात्र झोपलेला नाही. तो तेथेच खातो, वाढतो आणि विभागतो.

तिसरा गैरसमज : गरम झऱ्याचे पाणी आपोआप शुद्ध असते. थंड होऊन कोमट झालेल्या कुंडात अनेक जण स्नान करतात, तेव्हा त्वचेवरील व बाहेरचे जीवाणू त्यात वाढू शकतात. ‘नेग्लेरिया फाउलेरी’ हा अमीबा सुमारे ४६ अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात वाढतो आणि नाकात पाणी शिरल्यास क्वचित, पण प्राणघातक, मेंदूज्वर करतो. कुंडात डोके बुडवू नये आणि ते पाणी पिऊ नये, एवढी काळजी निदान घ्यावी.

हे सर्व समजावण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. विरजण हे उत्तम साधन आहे. दूध कढत असताना विरजण लावले तर दही लागत नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. दोन वाट्यांत उकळून कोमट केलेले सारखे दूध घ्यावे. एकीत साधे विरजण घालावे. दुसरीत तेच विरजण आधी ७५ अंशांच्या पाण्यात वाटी ठेवून दहा मिनिटे तापवून मग घालावे. काही तासांनी फरक दिसेल. येथे विद्यार्थ्यांना विचारावे : उष्णतेने विरजणातले जीवाणू मेले, मग उष्णता सर्वच जीवांची शत्रू आहे का? कंपोस्टचा ढीग हे दुसरे उदाहरण. ओल्या कचऱ्याचा ढीग आतून ६० अंशांपर्यंत तापतो. ती उष्णता सूक्ष्मजीवांनीच निर्माण केलेली असते, आणि ढीग तापल्यावर काम पुढे नेणारे जीव उष्णताप्रिय असतात. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या इंदूरमध्ये हे उदाहरण शोधावे लागणार नाही.

जतनाचा प्रश्न

गरम झरा हे फार लहान क्षेत्र असते. जंगल काही चौरस किलोमीटरचे असते. झऱ्याचा उगम कधी कधी एका खोलीएवढाही नसतो. उगमावर सिमेंटचे कुंड बांधले, प्रवाह नळातून वळवला, कडेला साबण व कपडे धुतले गेले किंवा जवळच विंधनविवर घेतल्याने झऱ्याचा दाब बदलला, तर तेथील सूक्ष्मजीवसृष्टी बदलते. ती डोळ्यांना दिसत नसल्याने हा बदल कोणाच्या लक्षातही येत नाही.

याचा अर्थ लोकांनी झऱ्यावर जाऊ नये असा नाही. गरम झरे शतकानुशतके लोकांच्या श्रद्धेची, स्नानाची आणि जत्रेची ठिकाणे आहेत, आणि याच ममतेमुळे त्यांतील अनेक टिकले आहेत. वीजनिर्मितीचाही विचार व्हायला हवा. मात्र उगमाचा थोडा भाग न बांधता मोकळा ठेवणे, स्नानाची जागा प्रवाहाच्या खालच्या बाजूस करणे आणि कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी तेथील सूक्ष्मजीवांची नोंद घेऊन त्यांचे वाण जमा करणे, एवढे सहज शक्य आहे. पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंदीगढ येथील संग्रह अशा कामासाठी उपलब्ध आहेत. ब्रॉक आणि फ्रीझ यांनी आपला वाण जमा केला नसता, तर पुढच्यांना तो हाताशी मिळाला नसता.

हक्काचा मुद्दाही यात येतो. टाक पॉलिमरेजच्या व्यापारातून कंपन्यांना मोठे उत्पन्न मिळाले. ज्या उद्यानातून तो जीवाणू आला, त्याला त्यातील वाटा मिळाला नाही. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक जीवसंपत्तीच्या व्यापारी उपयोगातून होणाऱ्या लाभात स्थानिकांचा वाटा मान्य केला आहे. या संपत्तीत सूक्ष्मजीवही मोडतात. गावपातळीवर जैवविविधतेची नोंदवही ठेवली जाते, तेव्हा त्यात झाडे-पक्ष्यांबरोबर गरम झऱ्याचीही नोंद व्हावी, यासाठी महाविद्यालये पुढाकार घेऊ शकतात. झऱ्याचे तापमान उगमापाशी आणि खाली दर काही मीटरवर मोजणे, थरांचे रंग टिपणे, ऋतूनुसार होणारा बदल लिहून ठेवणे हे काम विद्यार्थी साध्या तापमापकाने, कडेला उभे राहून, अध्यापकांच्या देखरेखीखाली करू शकतात.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘उष्णतेने जंतू मरतात’ हे वाक्य अपुरे आहे. ‘प्रत्येक जीवाची स्वतःची उष्णता असते’ हे पूर्ण वाक्य होय. जुन्या इंदुरातील घरात पातेल्यातील पाणी ९८ अंशांना उकळते आणि रोगजंतू मरतात. तत्तापानीत तितक्याच तापलेल्या पाण्यात पायरोबॅक्युलम वाढतो. दोन्ही गोष्टी एकाच नियमाने घडतात. हा नियम ज्या विद्यार्थ्याला कळला, तो पाणी उकळून पिईल आणि झऱ्याकडेही नव्या नजरेने पाहील.

आपल्या प्रदेशातील शेकडो झऱ्यांपैकी फार थोड्यांचा असा अभ्यास झाला आहे. उरलेल्या झऱ्यांत काय आहे ते शोधणारा विद्यार्थी कदाचित आज एखाद्या वर्गात बसलेला असेल. त्याने विचारलेला प्रश्न अध्यापकाने वाया जाऊ देऊ नये.